पिवळा सदरा आणि बेंगेरीचा झेंडा

हुबळी-धारवाड म्हटले की गोमंतकीय वाचकाला प्रथम म्हादई आठवते, आणि मग वादाखेरीज दुसरे काही आठवत नाही. आज आम्ही त्या जोडशहरांकडे निराळ्या कारणाने वळत आहोत. हुबळीच्या बेंगेरी भागात खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो. सूतकताई, विणाई, रंगाई, अशोकचक्राची छपाई, शिलाई आणि दोरीची बांधणी अशा एकेक पायरीवर त्याची तपासणी होते. धागा उणा भरला, रंगाची छटा ढळली किंवा मापात चूक झाली, तर ते कापड ध्वज म्हणून बाहेर पडत नाही. विजयी खेळाडू जे निशाण अभिमानाने खांद्यावर पांघरतो, त्याची एवढी कसोटी. मग ते पांघरणाऱ्याच्या विजयाची कसोटी किती काटेकोर असावी? व्यावसायिक सायकल शर्यतींच्या जगात सतत जिंकणाऱ्या संघाभोवती संशयाचे जे धुके पुन्हा पुन्हा दाटते, त्याचा विचार करताना हा प्रश्न आमच्या मनात आला.

फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’ ही तीन आठवड्यांची, एकवीस टप्प्यांची शर्यत. तीत आघाडीवर असणाऱ्याच्या अंगावर पिवळा सदरा चढतो. तो सदरा एकाच्या अंगावर दिसला, तरी तो मिळवतो आठ जणांचा संघ. पुढच्या स्वाराच्या आडोशाने वारा तुटतो आणि मागच्याची बरीच शक्ती वाचते. म्हणून सात जण आळीपाळीने वारा अंगावर घेतात आणि आठव्याला ताज्या दमाने घाटाच्या पायथ्याशी नेऊन सोडतात. ज्या संघाजवळ पैसा अधिक, त्याच्याजवळ असे सात भारवाही अधिक दणकट. तेव्हा एकाच संघाने वर्षानुवर्षे जिंकणे ही गोष्ट मुळातच संशयास्पद आहे असे नाही. हे प्रथमच सांगितले पाहिजे. कारण कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, तसे पिवळा सदरा दिसताच चोर दिसणाऱ्यांचीही या खेळात वाण नाही.

परंतु हा संशय कोणाच्या आजारी डोक्यातून उपजलेला नाही, इतिहासाने तो शिकविलेला आहे. १९९८ च्या जुलैत फेस्टिना संघाच्या एका कर्मचाऱ्याची मोटार फ्रान्सच्या सरहद्दीवर अडविली गेली आणि तीत निषिद्ध औषधांचा साठा सापडला. रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी निर्माण झालेले ‘ईपीओ’ हे औषध निरोगी तरुणांच्या शिरांत टोचले जात होते. पुढच्याच वर्षी लान्स आर्मस्ट्राँग हा कर्करोगातून उठलेला अमेरिकन स्वार जिंकला. १९९९ ते २००५ अशी ओळीने सात वर्षे तो जिंकत राहिला आणि जगाने त्याला डोक्यावर घेतले. शंका घेणाऱ्यांना त्याचे एकच उत्तर असे, ‘माझ्या शेकडो चाचण्या झाल्या, मी एकीतही दोषी ठरलो नाही.’ २०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेने आपला अहवाल प्रसिद्ध केला. तो मुख्यतः प्रयोगशाळेच्या नळीवर नव्हे, तर त्याच्याच अकरा माजी सहकाऱ्यांच्या साक्षींवर उभा होता. सातही विजेतेपदे काढून घेतली गेली, आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने स्वतः कबुली दिली. चाचणीत न सापडणे आणि निर्दोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या दिवशी जगाला मिळाला.

तो धडा ध्यानी धरूनच जणू ब्रिटनचा ‘टीम स्काय’ हा संघ २०१० मध्ये शर्यतीत उतरला. उत्तेजकांच्या बाबतीत तिळमात्र क्षमा नाही, आम्ही स्वच्छ राहून जिंकू, अशी त्याची प्रतिज्ञा होती. २०१२ ते २०१९ या आठ वर्षांत त्याच्या स्वारांनी सात वेळा तूर जिंकली. शेवटचे वर्ष तेवढे नव्या नावाने. मग २०१६ मध्ये काही वैद्यकीय कागद फुटले. विजेता ब्रॅडली विगिन्स याला मोठ्या शर्यतींच्या ऐन तोंडावर, दमा व परागकणांच्या त्रासासाठी म्हणून, एक प्रभावी स्टिरॉइड टोचण्याची रीतसर परवानगी होती, असे दिसून आले. २०११ च्या एका शर्यतीत संघाच्या डॉक्टरांकडे इंग्लंडहून एक पाकीट पोचते झाले होते. त्यात साधे कफावरचे औषध होते असे संघाने सांगितले. पण त्याची नोंद मागताच ती मिळाली नाही. डॉक्टरांचा संगणक चोरीस गेला होता, असा खुलासा झाला. चौकशी कोणावरही आरोप न ठेवता मिटली. २०१८ च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने ठपका ठेवला तो असा, की नियम मोडल्याचे सिद्ध नसले तरी या संघाने नीतीची रेषा ओलांडली. आजारासाठी असलेली परवानगी कामगिरी वाढविण्यासाठी वापरली. संघाने व विगिन्सने हे साफ नाकारले. २०२१ मध्ये वैद्यकीय न्यायाधिकरणाने त्याच डॉक्टरांना दोषी धरले. २०११ मध्ये त्यांनी टेस्टोस्टेरॉन मागविले ते कोणा स्वाराला देण्यासाठी आहे हे जाणून वा तसे समजून, असा तो निष्कर्ष होता. डॉक्टरांनी तो नाकारला, आणि तो स्वार कोण हे अखेरपर्यंत कळले नाही.

या प्रकरणातून काय निघते? स्काय संघ आर्मस्ट्राँगच्या मार्गाने गेला, असे सिद्ध झालेले नाही आणि आम्ही तसे म्हणणार नाही. परंतु ज्याने स्वच्छतेची प्रतिज्ञा जाहीरपणे केली, त्याने एका पाकिटाची नोंद ठेवू नये? संशय वाढला तो विजयांमुळे नव्हे, तर वहीचे पान कोरे निघाल्यामुळे.

आज तोच प्रश्न दुसऱ्या संघापुढे उभा आहे. स्लोव्हेनियाचा ताडेई पोगाचार याने २०२०, २०२१, २०२४ व २०२५ मध्ये तूर जिंकली. त्याच्या यूएई संघाने एकट्या २०२५ या वर्षात नव्वदांहून अधिक शर्यती जिंकल्या. २०२४ मध्ये प्लातो द बेय या घाटावर त्याने घेतलेला वेळ १९९८ च्या मार्को पांतानीपेक्षा तीन मिनिटांहून कमी भरला, आणि पांतानीचा तो काळ तर ईपीओचा. लोकांच्या भुवया उंचावल्या यात नवल नाही. तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सायकली हलक्या व वारा कापणाऱ्या झाल्या, टायर सुधारले, शर्यतीत दर तासाला किती साखर पोटात जावी याचे शास्त्र बदलले. पोगाचारविरुद्ध कोणताही पुरावा नाही. तो एकाही चाचणीत दोषी ठरलेला नाही. त्याच २०२४ मध्ये काही संघ कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मोजमापासाठी हुंगतात, असे प्रसिद्ध झाले. ते त्या वेळी नियमबाह्य नव्हते. पुढे २०२५ मध्ये सायकल महासंघाने त्याच्या वारंवार वापरावर बंदी घातली. नियम नेहमी मागून येतो आणि कल्पकता पुढे धावते. संशयाला जागा मिळते ती या दोहोंमधील अंतरात.

अशा वेळी समाज दोन चुका करतो. पहिली चूक परिटाची. सीतेने अग्निदिव्य केले, तरी एका परिटाच्या बोलण्याने तिला वनवास घडला. २०१५ मध्ये पिवळा सदरा अंगावर असलेल्या ख्रिस फ्रूमवर एका प्रेक्षकाने उत्तेजके घेतोस असे ओरडून मूत्र फेकले. असा संशय न्याय मागत नाही, तो केवळ चिखल फेकतो. दुसरी चूक भक्ताची. आपल्या विजेत्याविषयी प्रश्न विचारणे म्हणजे पाप, अशी त्याची समजूत असते. आर्मस्ट्राँगला सात वर्षे तारले ते अशा भक्तांनीच. संशय हा निकाल नव्हे आणि द्रोहही नव्हे. तो हिशेब मागण्याचा अधिकार आहे. हिशेब मागावा तो मुख्यतः संस्थेकडे, डॉक्टरांकडे, पैसा पुरविणाऱ्याकडे. आपण मात्र तो सायकलवर घाम गाळणाऱ्या पोराकडेच मागतो.

आता हुबळी-धारवाडकडे परत येऊ. विजापूर, बागलकोट, गदग या त्या परिसरातील जिल्ह्यांनी कर्नाटकाला व देशाला अनेक सायकलपटू दिले आहेत, त्यातील पुष्कळ जण कष्टकरी घरांतील आहेत. धारवाडला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र आहे, हुबळीला दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे. राष्ट्रीय सायकल स्पर्धांत रेल्वे आणि सेनादलाचे संघ वर्षानुवर्षे अग्रभागी असतात, आणि अशा खात्यांत खेळाडूंसाठी नोकऱ्या असतात. आम्ही या संघांवर बोट ठेवीत नाही, तसे काही कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच, की युरोपातील स्वाराला पदक म्हणजे कीर्ती व कोट्यवधींची कमाई, पण आपल्याकडील शेतकऱ्याच्या मुलाला पदक म्हणजे साऱ्या कुटुंबाची भाकरी. मोह तेथे अधिक धारदार असतो, आणि ‘ही ताकदीची सुई आहे, घे’ असे सांगणारा मनुष्य वडीलधाऱ्याच्या वेषात येतो.

देशाचे आकडे चिंता वाढविणारे आहेत. जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये भारतात ७,११३ नमुने तपासले गेले व २६० दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. नमुने अधिक म्हणून दोषी अधिक, हा खुलासा येथे लागू पडत नाही. हा हिशेब शेकडेवारीचा आहे. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासनीस आल्याची वार्ता पसरताच खेळाडू पळाले, आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम धावेत एकच धावपटू उरला! आपण गोमंतकीयांनीही नाक मुरडू नये. त्याच वर्षी आपल्याच भूमीवर भरलेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही अनेक खेळाडू चाचणीत अडकले. यजमान म्हणून आपण स्वागताच्या कमानी उभारल्या, पण त्या बातमीनंतर किती जणांनी विचारले की त्या मुलांना ती औषधे दिली कोणी?

२०२२ च्या कायद्याने राष्ट्रीय उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेला अधिकार मिळाले आहेत. ते वापरले जावेत ते केवळ अंतिम रेषेवर बाटली घेऊन उभे राहण्यासाठी नव्हे. प्रत्येक संघाने, प्रत्येक क्रीडा वसतिगृहाने औषधांची वही ठेवावी: कोणते औषध, कोणाला, कोणाच्या सहीने, कोणत्या आजारासाठी. ती वही संघाबाहेरच्या वैद्यकाने तपासावी. मुलांना ही माहिती कन्नडात, मराठीत, त्यांच्या भाषेत मिळावी. इंग्रजी पत्रकावर सही घेऊन जबाबदारी झटकू नये. मुलगा दोषी निघाला तर त्याच्या प्रशिक्षकाची चौकशी आपोआप सुरू व्हावी. आणि नोकरी एका पदकावर न टांगता काही वर्षांच्या कामगिरीवर ठरावी. हे झाले नाही, तर चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा खेळ असाच चालू राहील.

पुणे जिल्ह्यात २०२६ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय मान्यतेची मोठी सायकल शर्यत झाली. तेव्हा हा खेळ आता दूरच्या युरोपाचा राहिलेला नाही. उद्या हुबळी-धारवाडच्या परिसरातील एखादा मुलगा अशा शर्यतीत सतत जिंकू लागेल आणि जगाच्या भुवया त्याच्याकडेही वळतील. त्या दिवशी त्याला केवळ ‘मी सापडलो नाही’ एवढेच म्हणावे लागू नये. बेंगेरीचा झेंडा आपल्या शुद्धतेची शपथ घेत नाही. त्याच्या प्रत्येक पायरीची तपासणी झालेली असते. तशी उघडी वही त्या मुलाच्या हाती देणे, हे त्याचे काम नव्हे. ते आपले आहे.