‘लैला’ला टाळ्या, लेकीला कुलूप

२०१९च्या जूनमध्ये नेटफ्लिक्सवर ‘लैला’ आली. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवरची सहा भागांची मालिका. काळ २०४०च्या दशकातला, देशाचं नाव आर्यावर्त, वस्त्यावस्त्यांत भिंती, पाण्याची मारामार. मुस्लिम रिझवानशी लग्न केलेल्या हिंदू शालिनीची लेक हिरावली जाते.

ट्रेलर येताच ‘हिंदूद्वेष’ म्हणून ओरड झाली. सप्टेंबरात मुंबई पोलिसांकडे नेटफ्लिक्सविरुद्ध तक्रारही गेली. आपल्याकडच्या पुष्कळांनी मात्र टाळ्या वाजवल्या: ‘बघा, आपलं दुःख मांडलं!’ दोघांनीही मालिका अर्धीच पाहिली, असं आम्ही म्हणतो.

१३ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समिती नेमली. दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ वगळलं, ‘आंतरधर्मीय’ ठेवलं. याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण कोणत्या तोंडाने? आमच्या रोहण्यासारख्या गावात मुलाने बाहेरची सून आणली तर कलमा पढवून मिठाई वाटतात. मुलगी बाहेर गेली की सलाम-दुआ बंद! धर्म सोडा, बिरादरी वेगळी असली तरी कपाळाला आठ्या. आर्यावर्ताची भिंत जुलमी आणि बिरादरीची भिंत शरीफ, हा कुठला इन्साफ?

गांधीजी अखेरच्या वर्षांत सवर्ण-हरिजन विवाहांनाच आशीर्वाद देत. त्यांचं सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात आहे.

सज्ञान मुलीच्या लग्नात डोकावू नका, हे शासनाला ठणकावून सांगू. तेच वाक्य जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणातही तेवढ्याच मोठ्याने म्हणता आलं पाहिजे.