खिशातला चाकू

अवजारांची गोष्ट निघाली की नांगर, कुळव, पाभर यांची नावे आधी येतात. दिवसातून दहा वेळा हाती येणारा खिशातला चाकू कुणाच्या ध्यानात नसतो. सुतळी तोडायची, ठिबकची नळी कापायची, कलम करायचे, बांधावर कांदा चिरायचा, तर तोच लागतो. आणि एखाद्या रात्री दावे गळ्याला आवळून गाय तडफडू लागते, तेव्हा गाठ सोडायला वेळ नसतो. धारेचा चाकू खिशात असेल तर जनावर वाचते. म्हणून लाकडी मुठीचा, घडीचा एक चांगला चाकू प्रत्येक शेतकऱ्याजवळ असावा.

घेताना घाई करू नका. चाकू उघडून पाते डावी-उजवीकडे हलवून पाहा. ते डुगडुगता कामा नये. मिटल्यावर धार पुरती मुठीत गेली पाहिजे. मूठ शिसवीची किंवा बाभळीची, हाताला न टोचणारी असावी. उघडे पाते जागच्या जागी अडकून राहण्याची सोय हवीच, नाहीतर जोर लावताना ते मिटून बोटावर बसते.

फ्रान्समधल्या डोंगरी सव्हॉय भागात शेतकऱ्यांची अवजारे घडवणाऱ्या एका घराण्यातील जोसेफ ओपिनेल याने १८९० साली असाच साधा चाकू केला. लाकडी मूठ, पोलादी पाते, बस्स. पुढे १९५५ च्या सुमारास त्याला पाते अडकवणारी फिरती कडी बसली. तोच चाकू आज जगभर विकला जातो. आपल्याकडेही गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून घिसाडी पाते घडवून देतो. त्याने नीट पाणी दिले असेल तर ते वर्षानुवर्षे टिकते.

साध्या पोलादाला धार चटकन लागते, पण ते गंजतेही चटकन. डाळिंब कापले की पाते काळे पडते, ते सालीतल्या तुरट द्रव्यामुळे. कैरी, लिंबू यांच्या आंबटानेही डाग पडतात. काम झाल्याबरोबर पाते पुसून कोरडे करावे आणि खोबरेलाचे बोट फिरवावे. चाकू पाण्यात भिजत टाकू नये. लाकूड फुगते आणि पाते आत रुतून बसते. मुठीला वर्षातून दोनदा जवसाचे तेल चोळावे. ते लाकडात मुरून सुकते. मात्र जवसाचे किंवा करडईचे तेल बिजागरीत घालू नका, सुकून चिकट होते. तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे.

धार ओल्या दगडावर लावावी. पात्याची पाठ करंगळीच्या निम्म्या जाडीइतकी उचलून दोन्ही बाजू सारख्या घासाव्या. चाकावर धार लावून घेताना लक्ष ठेवा. पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरलेच म्हणून समजा. मग ती धार टिकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा भरपूर. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून आहे. या बागांचा मोठा वैरी तेल्या. तो जिवाणूंमुळे होतो, आणि रोगट फांदी कापलेले हत्यार तसेच चांगल्या झाडाला लावले तर रोग तिकडे जातो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना चाकू आणि कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. प्रमाण केंद्राच्या शिफारशीप्रमाणे घ्यावे. हे द्रावण लोखंड खाते, म्हणून संध्याकाळी धुऊन, पुसून तेल लावायला विसरू नका. बोथट पात्याने साल चेंगरते आणि जखम लवकर भरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

एक सावधगिरी. शस्त्रकायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू हत्यारांत धरले आहेत; शेती आणि घरकामाचे त्यातून वगळले आहेत. तरीही बटण दाबून उघडणारा चाकू घेऊच नये. मनाई हुकूम असताना किंवा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या गर्दीत जाताना आपला साधा चाकूही घरी ठेवावा.

मुलगा किंवा मुलगी हाताशी आली की चाकू देण्याआधी धार लावायला शिकवा. पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे, उघडा चाकू दुसऱ्याला देताना मूठ पुढे करावी, हे एकदा अंगवळणी पडले की भीती नाही. येत्या खंडेनवमीला नांगर-कोयत्याबरोबर हा चाकूही पूजेत मांडा. आदल्या दिवशी त्याची बिजागरी, धार आणि मूठ पाहून घ्या. पूजेनंतर तो पुन्हा खिशात जाऊ द्या, कारण पेटीत ठेवलेला चाकू वेळेला उपयोगी पडत नाही.