जिनांच्या कैरोत पुन्हा एकदा

आवडत्या मालिकेचा पुढचा भाग हाती घेताना थोडी धाकधूक असतेच. नवलाई ओसरलेली असते आणि बरेच लेखक तेच ताट पुन्हा वाढतात. पी. जेली क्लार्क यांची ‘अ मास्टर ऑफ जिन’ (2021) मात्र मला त्यांच्या आधीच्या कैरो-कथांपेक्षा सरस वाटली.

वाफेची यंत्रे आणि जादू यांची सांगड घालणाऱ्या ‘स्टीमपंक’ कथा बहुधा व्हिक्टोरियन लंडनमध्ये घडतात. क्लार्क यांनी 1912 चे कैरो निवडले. अल-जाहिझ नावाच्या सुदानी गूढवाद्याने जिनांच्या जगाचे दार उघडले, जिनांच्या मदतीने इजिप्तने इंग्रजांना घालवले, ही त्यांची कल्पना. प्रत्यक्षात 1882 पासून इजिप्त इंग्रजांच्या ताब्यात होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे मराठी वाचकाला अरबी सुरस कथांमधला जिन ओळखीचा आहे. तो मालकाचा हुकूम झेलतो. क्लार्क यांचा जिन शहरात राहतो, कामधंदा करतो. एक तर सरकारी ग्रंथालय सांभाळतो.

या कादंबरीत अल-जाहिझ असल्याचा दावा करणारा मुखवटाधारी अवतरतो. तो खुनी आहे. पण आगबोटींच्या नव्हे, हवाई जहाजांच्या या स्वतंत्र शहरात गरीब गरीबच का राहिले, हा त्याचा सवाल खोटा नाही. म्हणून लोक त्याच्यामागे जातात. आधीच्या कथांमधले झगमगते कैरो इथे स्वतःची झाडाझडती घेते. गोरा साहेब गेला की न्याय आपोआप येत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तपास करणारी फातमा सूटबूट घालते. तिची नवी सहकारी हादिया हिजाब घालते. फातमाची प्रेयसी सिती प्राचीन देवी सेखमेतची उपासक आहे. काही धार्मिक वाचकांना हे रुचणार नाही. मला त्यातली सहजता मोलाची वाटते. इथे मुसलमान असणे हा खुलासा मागणारा प्रश्न नाही. हिजाब म्हणजे दबलेली बाई, हे समीकरण हादिया भाषण न देता, कामाने मोडते.

आपल्याकडच्या कथांत मुसलमान पात्र आले की त्याला आधी देशभक्ती किंवा पुरोगामीपणा सिद्ध करावा लागतो. गुन्हा शोधणे, विनोद करणे, चुकणे हे त्याच्या वाट्याला क्वचित येते. एवढे साधे स्वातंत्र्य मिळायला जिनांचे जग लागावे का? मराठी लेखकांनी हा प्रश्न जरूर मनावर घ्यावा.