हाय-डेफिनिशन डिस्क स्वरूपांचे भवितव्य

हाय-डेफिनिशन डिस्क म्हणजे उच्च चित्रस्पष्टतेचे चित्रपट व कार्यक्रम घरी पाहता यावेत यासाठी तयार केलेली, लेझर किरणाने वाचली जाणारी तबकडी होय. २००६ मध्ये बाजारात आलेली ब्लू-रे आणि २०१६ मध्ये आलेली अल्ट्रा एचडी ब्लू-रे ही या प्रकारातील आज प्रचारात असलेली दोन स्वरूपे आहेत. एचडी डीव्हीडी हे तिसरे स्वरूप २००८ मध्ये संपुष्टात आले. स्ट्रीमिंग सेवांच्या प्रसारामुळे तबकड्यांची एकूण विक्री घटत असली, तरी चोखंदळ प्रेक्षक व संग्राहक यांच्याकडून त्यांना मागणी आहे. या माध्यमाच्या भवितव्याची चर्चा बहुधा तबकड्यांच्या खपाभोवती फिरते. प्रत्यक्षात ते भवितव्य तबकडी वाचणाऱ्या यंत्रांच्या उपलब्धतेवर अधिक अवलंबून आहे.

पार्श्वभूमी

तबकडीची साठवणक्षमता मुख्यतः लेझरच्या तरंगलांबीवर अवलंबून असते. तरंगलांबी जितकी कमी, तितक्या बारीक खुणा तबकडीवर उमटवता व वाचता येतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर वापरला जातो. ब्लू-रेमध्ये ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेझर वापरण्यात आला व त्यावरूनच या स्वरूपाला नाव मिळाले. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट माहिती मावते. ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट, तर दोन थरांत ५० गिगाबाइट मावते.

सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स आदी नऊ कंपन्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये ब्लू-रे स्वरूपाची घोषणा केली. तोशिबा कंपनीने त्याच निळ्या लेझरवर आधारलेले, परंतु एका थरात १५ गिगाबाइट क्षमतेचे एचडी डीव्हीडी हे प्रतिस्पर्धी स्वरूप पुढे आणले. २००६ मध्ये दोन्ही स्वरूपे ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि चित्रपट कंपन्यांत दोन तट पडले. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रात ब्लू-रे वाचण्याची सोय असल्याने त्या स्वरूपाला मोठा हातभार लागला. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने केवळ ब्लू-रेचा स्वीकार जाहीर केला आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली. ज्यांनी त्या स्वरूपात संग्रह उभा केला होता, त्यांच्या तबकड्यांसाठी नवे यंत्र मिळणे त्यानंतर बंद झाले.

अल्ट्रा एचडी ब्लू-रेचे तांत्रिक निकष २०१५ मध्ये निश्चित झाले व पुढील वर्षी यंत्रे आणि तबकड्या विक्रीस आल्या. या स्वरूपात ३८४० × २१६० बिंदूंचे चित्र, एचईव्हीसी पद्धतीचे संपीडन, अधिक व्यापक रंगपट आणि उजेड-अंधाराचे सूक्ष्म भेद दाखवणारे एचडीआर तंत्र यांचा अंतर्भाव आहे. तीन थरांच्या तबकडीची क्षमता १०० गिगाबाइट आहे.

स्ट्रीमिंगशी तुलना

चित्रबिंदूंची संख्या सारखी असली, तरी तबकडी आणि स्ट्रीमिंग यांची चित्रगुणवत्ता सारखी असतेच असे नाही. अल्ट्रा एचडी ब्लू-रेवरून माहिती वाचण्याचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट आहे, तर ४के दर्जाच्या प्रक्षेपणासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला सुमारे १५ मेगाबिट वेगाच्या इंटरनेट जोडणीची शिफारस करते. संपीडन जितके अधिक, तितका धुके, पाऊस, अंधारातील छटा आणि मूळ फिल्मचा कणीदारपणा यांसारखा तपशील हरवण्याचा संभव अधिक. ध्वनीच्या बाबतीतही तबकडीवर मूळ ध्वनिमुद्रणाचा कोणताही भाग न गमावणारी संपीडनपद्धती वापरता येते. स्ट्रीमिंग सेवा सामान्यतः काही तपशील गाळणारी पद्धत वापरतात.

ही तफावत कायमस्वरूपी आहे असे मात्र म्हणता येत नाही. सोनीच्या स्वतःच्या चित्रपट सेवेने सेकंदाला ८० मेगाबिटपर्यंतचा वेग देऊ केला आहे आणि कॅलिडेस्केप या कंपनीची महागडी प्रणाली चित्रपट आधी घरातील यंत्रात उतरवून घेऊन तबकडीच्या तोडीची गुणवत्ता देते. त्यामुळे तबकडीचे महत्त्व केवळ चित्रगुणवत्तेवर तोलणे अपुरे ठरते.

बाजारपेठेतील घट

अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीचा परमोच्च काळ २००५-०६ च्या सुमारास होता व तेव्हा डीव्हीडीची वार्षिक उलाढाल सुमारे १६ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली होती. २०२४ मध्ये तेथील सर्व प्रकारच्या चित्रतबकड्यांची मिळून विक्री एक अब्ज डॉलरच्या खाली गेली. १९९८ मध्ये सुरू झालेली नेटफ्लिक्सची टपालाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाली. बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये चित्रतबकड्यांची विक्री थांबवली. त्याच वर्षी तबकड्या भाड्याने देणाऱ्या रेडबॉक्सची मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, तर डिस्नेने उत्तर अमेरिकेतील आपल्या तबकड्यांचे उत्पादन व वितरण सोनीकडे सोपवले.

याच काळात संग्राहकांसाठी निघणाऱ्या विशेष आवृत्त्यांनी मात्र आपली जागा टिकवली आहे. अमेरिकेतील क्रायटेरियन कलेक्शन व किनो लॉर्बर, तसेच ब्रिटनमधील ॲरो व ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट या प्रकाशनसंस्था जुन्या चित्रपटांच्या पुनरुज्जीवित प्रती अभ्यासपूर्ण पुस्तिका व पूरक साहित्यासह काढतात. क्रायटेरियनने २०२१ मध्ये ४के तबकड्यांचे प्रकाशन सुरू केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'ओपनहायमर' या चित्रपटाची अल्ट्रा एचडी ब्लू-रे आवृत्ती निघताच अनेक दुकानांतील साठा संपला. सर्वसामान्य ग्राहकाने पाठ फिरवली असली, तरी मोजक्या ग्राहकांसाठी अधिक किमतीची वस्तू अशा नव्या रूपात हे माध्यम टिकू पाहत आहे, असे यावरून दिसते.

मालकी आणि परवाना

तबकडीच्या बाजूने केला जाणारा प्रमुख युक्तिवाद मालकीचा आहे. ऑनलाइन 'विकत घेतलेला' चित्रपट हा कायद्याच्या दृष्टीने बहुतांशी पाहण्याचा परवाना असतो आणि विक्रेता व हक्कधारक यांच्यातील करार संपल्यास तो हातचा जाऊ शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना, त्यांनी पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरी वाहिनीचे कार्यक्रम वर्षअखेरीस काढून टाकले जातील असे कळवले. पुढे नवा करार झाल्याने तो निर्णय मागे घेण्यात आला. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केलेला व १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा अशा विक्रीच्या वेळी 'हा केवळ परवाना आहे' हे ग्राहकास स्पष्टपणे सांगणे बंधनकारक करतो. या कायद्याने ग्राहकाला माहितीचा हक्क मिळाला. चित्रपट कायम ठेवण्याचा हक्क मात्र मिळालेला नाही.

तबकडी घरातून कोणी काढून नेत नाही. ती उसनी देता येते, विकता येते, ग्रंथालयात ठेवता येते. तथापि तिच्यावरील माहिती कूटबद्ध असते व ती उलगडण्याच्या किल्ल्या केवळ परवानाप्राप्त यंत्रांकडेच असतात. हे कुलूप तोडून स्वतःसाठी प्रत काढण्यास अमेरिकेसह अनेक देशांत कायद्याची मनाई आहे. म्हणजे ग्राहकाची मालकी तबकडीवर पूर्ण असली, तरी तिचा उपयोग दुसऱ्या कोणी बनवलेल्या यंत्रावाचून होत नाही.

यंत्रांचा प्रश्न

ओप्पो डिजिटल या नामांकित कंपनीने २०१८ मध्ये नव्या यंत्रांची निर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकी बाजारासाठी नवी ब्लू-रे यंत्रे न काढण्याचा निर्णय घेतला आणि २०२४ च्या अखेरीस एलजीची यंत्रेही बाजारातून हटली. त्यानंतर अल्ट्रा एचडी यंत्रांच्या प्रमुख उत्पादकांत सोनी व पॅनासॉनिक ही दोनच मोठी नावे उरली. खेळयंत्रांचा आधारही पातळ होत आहे. २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रो या यंत्रात तबकडीचा कप्पा अंतर्भूत नाही. तो वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो.

संगणकाच्या बाबतीत तर यंत्र हाताशी असूनही वाट बंद झाल्याचे उदाहरण घडले आहे. संगणकावर अल्ट्रा एचडी ब्लू-रे अधिकृतपणे पाहण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स ही सुरक्षा-सुविधा आवश्यक होती. इंटेलने अकराव्या पिढीपासून घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमधून ती वगळली. परिणामी नवा संगणक घेणाऱ्याला आपल्याच तबकड्या त्यावर अधिकृत मार्गाने पाहता येईनाशा झाल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले, तेव्हा ब्लू-रेचा अंत झाल्याचा समज पसरला. तो निर्णय घरी मुद्रण करण्याच्या तबकड्यांपुरता होता. चित्रपट छापून विकल्या जाणाऱ्या तबकड्यांशी त्याचा संबंध नव्हता.

ग्रामोफोन तबकडीच्या पुनरागमनाचा दाखला या संदर्भात अनेकदा दिला जातो. अमेरिकेत २०२२ मध्ये ग्रामोफोन तबकड्यांची विक्री संख्येने सीडीहून अधिक झाली. परंतु ही तुलना अर्धवट आहे. ग्रामोफोनचे यंत्र लहान कारखान्यातही बनवता येते व त्यासाठी कोणाच्या किल्ल्या लागत नाहीत. ब्लू-रे यंत्राला मात्र सूक्ष्म लेझर-संच, विशेष चिप आणि परवाने लागतात. मोठ्या कंपन्यांनी काढता पाय घेतल्यास त्यांची जागा लहान उत्पादकाने भरून काढणे अवघड आहे. पायोनियरने २००९ मध्ये लेझरडिस्क यंत्रांची आणि फुनाईने २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांची निर्मिती थांबवल्यावर त्या माध्यमांचे रसिक जुन्या, दुरुस्त केलेल्या यंत्रांवरच विसंबून राहिले.

भारतातील स्थिती

भारतात घरगुती चित्रपटांचा प्रसार मुख्यतः व्हीसीडी व डीव्हीडीद्वारे झाला. मोझर बेअर या कंपनीने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास आरंभ केला. २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. मराठी चित्रपट आणि नाटकेही घरोघरी पोहोचली ती याच दोन माध्यमांतून. हाय-डेफिनिशन तबकडीवर मराठी शीर्षके फारशी आली नाहीत. व्हीसीडीचे चित्र जेमतेम ३५२ × २८८ बिंदूंचे असते. म्हणजे ज्या कलाकृती ऑनलाइन उपलब्ध नाहीत, त्यांची घरी असलेली एकमेव प्रत अशी अंधूक असणे शक्य आहे.

भारतीय संग्राहकापुढे प्रदेश-संकेताचीही अडचण असते. ब्लू-रेसाठी जगाचे अ, ब, क असे तीन विभाग पाडण्यात आले असून भारत 'क' विभागात मोडतो. लंडनमधील १९९३ च्या आगीत हानी पोहोचलेल्या मूळ फिल्मवरून सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचे पुनरुज्जीवन करण्यात आले व क्रायटेरियनने २०१५ मध्ये तिची ब्लू-रे आवृत्ती काढली. अमेरिकेत विकली जाणारी ती आवृत्ती 'अ' विभागाची असल्याने केवळ 'क' विभाग वाचणाऱ्या भारतीय यंत्रावर चालत नाही. अल्ट्रा एचडी ब्लू-रेमध्ये विभागांचे हे बंधन नाही. त्यामुळे परदेशातून मागवलेली अल्ट्रा एचडी तबकडी भारतातील यंत्रावरही चालते.

तबकडीचे आयुष्य व जतन

तबकडी अविनाशी नाही. परावर्तक थर बिघडून ती वाचता न येण्याचे प्रकार घडतात. २००६ ते २००८ या काळात बनलेल्या आपल्या काही डीव्हीडी निकामी होत असल्याचे वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केले. तबकडी ही मूळ फिल्मच्या शास्त्रशुद्ध जतनाचा पर्याय नाही; ते काम पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांचेच आहे. मात्र संग्रहालयातील प्रत सामान्य रसिकाच्या हाती सहज येत नाही आणि स्ट्रीमिंगवरील प्रत करार असेतोवरच राहते. या दोहोंमधील जागा तबकडीने भरली आहे.

भवितव्य

अल्ट्रा एचडी ब्लू-रेनंतर चित्रपटांसाठी नवे तबकडी स्वरूप बाजारात आलेले नाही. उत्पादक एकेक करून बाजूला होत असता नव्या स्वरूपात मोठी गुंतवणूक होण्याची शक्यताही अल्प आहे. त्यामुळे हे या परंपरेतील अखेरचे स्वरूप ठरण्याचा संभव आहे. मर्यादित संख्येच्या, अधिक किमतीच्या आवृत्त्यांवर प्रकाशनाचा व्यवसाय आणखी काही काळ चालू शकेल. परंतु यंत्रे बनवणारे दोन-तीनच उत्पादक उरलेले असताना त्यांपैकी एकाच्याही माघारीचा परिणाम मोठा होईल.

तबकडीवरील खरेदी दीर्घकाळ अर्थपूर्ण राहण्यासाठी चांगली यंत्रे व त्यांचे सुटे भाग मिळत राहणे आवश्यक आहे. यंत्रे मिळेनाशी झाल्यास वैध मालकाला स्वतःच्या प्रतीचे रूपांतर करू देण्याची कायदेशीर तरतूदही तितकीच महत्त्वाची ठरेल. यांपैकी काहीच न झाल्यास फडताळात जपून ठेवलेल्या तबकड्या सुस्थितीत राहूनही पाहता येणार नाहीत.