मनगटाचा हिशेब

काही महिन्यांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एक निवृत्त चित्रकला शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. धानाच्या तणसाची काडी उभी चिरावी, इस्त्रीने सपाट करावी आणि तिच्या तुकड्यांतून शुभेच्छापत्र घडवावे, ही त्यांची कला. तळ्याकाठचा सारस हा त्यांचा आवडता विषय. महाराष्ट्रात हा पक्षी आज प्रामुख्याने आपल्याच जिल्ह्यात आढळतो. आजवर ही पत्रे त्यांनी आप्तस्नेह्यांना भेट म्हणूनच दिली होती. यंदा मात्र नागपूरच्या एका दुकानदाराने दिवाळीसाठी तीनशे पत्रे मागितली. होकार देण्यापूर्वी हात अजमावून पाहावा, म्हणून त्यांनी दहा दिवसांत साठ पत्रे केली आणि अंगठा उचलेनासा झाला.

अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला झुकवायला सांगताच बाई कळवळल्या. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोरांना कंडरा म्हणतात. अंगठा हलविणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. कात्री आणि चिमट्याची तीच ती हालचाल तासन्‌तास होत राहिली की बोगद्याचे आवरण जाड होते आणि कंडरा अडखळू लागतात. स्विस शल्यविशारद द केर्व्हें यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातांमध्येही तो आढळतो.

अंगठा आणि मनगट स्थिर ठेवणारा पट्टा मी दिला आणि वर म्हणालो, “बाई, हा नाद आता सोडा.” तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. सूज ओसरली होती. पण झोप उडाली होती, अन्नावरची वासना गेली होती. “डॉक्टरसाहेब, हात बरा झाला, पण हाताला काही कामच उरले नाही,” त्या म्हणाल्या. माझा उपचार बरोबर होता, सल्ला मात्र चुकला होता.

त्या वेळी मला आनंदवन आठवले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. तेथे कुष्ठमुक्त आणि अपंग माणसांनी शेती केली, माग चालविले, शुभेच्छापत्रेही घडविली. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या हाताला भाजले, कापले तरी कळत नाही. वेदना होत नाही म्हणूनच तो हात झिजतो. अशा हातांसाठी अवजारांच्या मुठी जाड आणि मऊ कराव्या लागतात, कामाचा वेग डोळ्यांनी पाहून ठरवावा लागतो. काम हाताच्या बेताने घ्यायचे असते, हे तेथून शिकावे. बाईंच्या मनगटाने तर वेळेवर इशारा दिला होता. तो न ऐकणे ही एक चूक, आणि त्याला भिऊन कामच टाकून देणे ही दुसरी.

मग आम्ही कागद घेतला. एका पत्राला चाळीस मिनिटे लागतात. तीनशे पत्रांचे दोनशे तास झाले. दुकानदाराने दिलेली मुदत पंचवीस दिवसांची. म्हणजे रोज आठ तास! भाव तीस रुपये, त्यातले आठ सामानाचे. उरलेल्या बावीस रुपयांत तासाला तेहतीस रुपये पडतात. पट्टा, औषध आणि सक्तीची विश्रांती यांचा खर्च त्यात कोठेच नव्हता.

दुसरा हिशेब मनगटाच्या बाजूने मांडला. दिवसाला दीड तास, तोही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन बैठकांत, आणि आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे आठवड्याला अकरा पत्रे. तासाचे मोल पंचाहत्तर रुपये धरले, तर एका पत्राची किंमत साधारण साठ रुपये येते. दुकानदाराला हा भाव परवडला नाही. बाईंनी तीनशेची मागणी नाकारली आणि ओळखीच्या लोकांना थेट विकण्याचे ठरविले. पैसे थोडे मिळतात, याचे त्यांना वाईट वाटते. ते मी लपविणार नाही. परंतु त्या पुन्हा काम करीत आहेत आणि त्यांना झोप लागते.

आपल्या घरातही कोणी राख्या, कंदील, भरतकाम किंवा शुभेच्छापत्रे विकण्याचा विचार करीत असेल, तर प्रथम दोन आठवडे रोजचे तास आणि रोजचे दुखणे वहीत लिहावे. कात्रीची पकड मोठी आणि मऊ असावी. प्रकाश पुरेसा असावा. दर वीस मिनिटांनी नजर काही क्षण दूर न्यावी आणि बोटे सैल सोडावीत. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. धूसर दिसले की मान आपोआप झुकते आणि दुखू लागते.

रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दबलेली असू शकते. मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल किंवा हाताची संवेदना कमी झाली असेल, तर संकोच न करता सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावे. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि त्याचे औषध तेथे मोफत मिळते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

बाईंनी एक नियम स्वतःहून केला आहे. अकरांपैकी एक पत्र विकायचे नाही, ते कोणाला तरी भेट द्यायचे. हा सल्ला माझा नव्हता. पण औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्यावा, असा तो नक्कीच आहे.