गवती चहाला 'चहा' नाही म्हणायचे, तर काय म्हणायचे?

न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले गवती चहाचे बेट आपल्या गावांना नवे नाही. पडसे झाले, की त्याची चार पाती, आल्याचा तुकडा अन् गुळाचा खडा, एवढ्यावर घरचे औषध होते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा घ्यायला सांगितले आणि घरोघरी काढ्याची पातेली चढली. तुळस, शेवगा यांची पाने 'चहा' म्हणून पाकिटात विकली जाऊ लागली, त्यात बचत गटांनाही चार पैशांची वाट दिसली.

आता या नावावरच गदा आली आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २४ डिसेंबर २०२५ रोजी स्पष्ट केले, की आसाम-दार्जिलिंगच्या मळ्यांत होते त्या चहाच्या झाडापासून जे तयार होत नाही, त्याच्या वेष्टनावर 'चहा' हा शब्द नको. चुलीवरच्या पातेल्याला हा नियम नाही, विक्रीच्या पाकिटाला आहे.

"आमच्या झाडाचंच नाव गवती चहा, मंग लिवाचं काय?" असे कुणी बाई विचारतील, अन् तो प्रश्न रास्त आहे. पण वाद घालण्यापेक्षा 'वाळवलेली शेवग्याची पाने', 'लेमनग्रासची पाती, उकळून पिण्यासाठी' असे सरळ लिहावे. गिऱ्हाईक पानाच्या वासाला पैसे मोजते, शब्दाला नव्हे.

खरा धोका नावात नसून दाव्यात आहे. 'शुगर जाते', 'किडनी साफ होते' असे पाकिटावर छापणे कायद्यात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय आपला संग्रामपूर-जळगाव जामोदचा भाग खारपाणपट्ट्यातला. तिथे किडनीचे दुखणे अनेक घरांत आहे. शेवग्याच्या पाल्यात पोटॅशियम भरपूर असते. धडधाकट माणसाला ते पोषक, पण किडनी अधू झालेल्याच्या रक्तात ते साचले तर हृदयावर बेतू शकते.

गुळवेलीचेही तसेच. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला. रुग्णांनी घेतली ती गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेच नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे. कुणाचेही खरे धरा, वेल ओळखल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज पेलाभर काढा पिणे शहाणपणाचे नाही.

म्हणून ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई आणि 'उमेद'च्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे: गटाची अन्न नोंदणी आहे का ते पाहावे, जुनी वेष्टने बदलून घ्यावीत, अन् किडनीच्या रुग्णांना डॉक्टरांना विचारूनच काढा घ्यायला सांगावे. शेतकऱ्यांनी पाला विकावा, जरूर विकावा. आजार बरा होण्याची हमी मात्र विकू नये.