सहकुटुंब सागरपर्यटन

पवित्र शास्त्रांत ज्या पहिल्या मोठ्या तारवाचें वर्णन आलें आहे, तें एका कुटुंबाचेंच तारूं होतें. नोहा, त्याची पत्नी, त्यांचे तीन पुत्र व तीन सुना अशीं आठ माणसें त्यांत होतीं. त्यांच्यासमवेत चाकरमाणसें होतीं असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. तेव्हां जनावरांस चारा घालणें, झाडलोट करणें, आठ जणांचें अन्न सिद्ध करणें हें सारें त्या आठांनींच वांटून घेतलें असलें पाहिजे. आज ‘सहकुटुंब सागरपर्यटन’ या नांवानें जो प्रकार जगांत लोकप्रिय झाला आहे, त्यांतील एकेका जहाजावर शेंकडों कुटुंबें चढतात. परंतु त्यांपैकीं कोणालाहि स्वतःचें ताट उचलावें लागत नाहीं.

हा विषय आतां आपल्या दारापर्यंत आला आहे. २०२१ च्या सप्टेंबर महिन्यांत ‘एम्प्रेस’ नांवाच्या जहाजाच्या अशा सफरी मुंबईहून सुरू झाल्या, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत मुंबई बंदरांत केवळ अशा उतारूंकरितां बांधलेल्या नव्या भव्य स्थानकाचें उद्घाटन झालें. त्यामुळें सुट्टी जवळ आली म्हणजे पालक मंडळी आम्हां शिक्षकांस विचारतात कीं, मुलांस अशा सफरीस न्यावें काय? कोणी म्हणतात, ही निव्वळ उधळपट्टी होय. कोणी म्हणतात, आयुष्यांत एकदां तरी हा आनंद मुलांस द्यावाच. आमचें मत या दोहोंहून थोडें निराळें आहे, तें येथें मांडतों.

केवळ मौजेखातर समुद्रावर जावें ही कल्पना फार पुरातन नाहीं. पूर्वीं माणूस जहाजावर चढे तो व्यापारासाठीं, युद्धासाठीं, यात्रेसाठीं अथवा पोटासाठीं. हांबुर्ग येथील एका आगबोट कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांनीं असें पाहिलें कीं, हिवाळ्यांत अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या उतारूंची संख्या घटते आणि मोठमोठीं जहाजें रिकामीं पडून राहतात. म्हणून १८९१ च्या जानेवारींत त्यांनीं ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हें जहाज २४१ उतारूंसह भूमध्य समुद्राच्या सहलीवर धाडलें. पुढें १९५८ मध्यें जेट विमानें उतारूंना घेऊन अटलांटिक ओलांडूं लागलीं व जहाजांचा मूळ धंदा बसत गेला. पैलतीरीं पोंचविण्यासाठीं जहाजांस कोणी पैसा देईना, तेव्हां कंपन्यांनीं प्रवास हीच वस्तु विकावयास काढली. प्रारंभीं या सहलींस जाणारे लोक बहुधा सधन व वयस्क असत. लहान मुलें व त्यांचे आईबाप यांनाच मुख्यतः डोळ्यांपुढें ठेवून बांधलेलें जहाज म्हणून जें विशेष गाजलें, तें डिस्ने कंपनीचें ‘डिस्ने मॅजिक’ होय. त्याचा पुढचा भाग इटलींतील अँकोना येथें व मागचा भाग मार्गेरा येथें बांधून दोन्ही जोडण्यांत आले, आणि ३० जुलै १९९८ रोजीं तें अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून पहिल्या सफरीस निघालें.

या जहाजावरील जीवनक्रम मोठा मनोरंजक आहे. त्यावर सुमारें ८७५ खोल्या आहेत. बहुतेक खोल्यांत स्नानगृहाचे दोन भाग केलेले आहेत, म्हणजे एक जण स्नान करीत असतां दुसऱ्याला तोंड धुण्यासाठीं खोळंबावें लागत नाहीं. ज्या घरांत सकाळीं तीन-चार मुलें शाळेच्या घाईंत असतात, त्या घरच्या आईस या योजनेचें मर्म निराळें सांगावयास नको. लहान मुलांस स्वतंत्र क्रीडादालनें आहेत, कुमारांस निराळें दालन आहे, तान्ह्या बालकांस सांभाळण्याची सोय आहे. जेवणाची रीति तर विशेषच म्हटली पाहिजे. तेथें तीन भोजनगृहें असून कुटुंबानें रोज रात्रीं निराळ्या भोजनगृहांत जावयाचें असतें. परंतु वाढपी मात्र तेच राहतात, ते कुटुंबाच्या पाठोपाठ एका भोजनगृहांतून दुसऱ्यांत जातात. त्यामुळें दोन-तीन रात्रींत त्यांस मुलांचीं नांवें पाठ होतात, आणि कोणाला तिखट चालत नाहीं व कोण दुधाला तोंड लावीत नाहीं हें त्यांस पुन्हां सांगावें लागत नाहीं.

याहूनहि प्रचंड जहाजें पुढें झालीं. २०२४ च्या जानेवारींत मायामी बंदरांतून पहिल्या सफरीस निघालेलें ‘आयकॉन ऑफ द सीज’ हें वीस मजल्यांचें आहे. त्यावर पोहण्याचे सात तलाव व पाण्याच्या सहा घसरगुंड्या आहेत. सर्व खोल्या पूर्ण भरल्या तर सुमारें ७,६०० उतारू त्यावर राहूं शकतात. आपल्याकडील कित्येक गांवांची लोकसंख्याहि इतकी नसते.

आतां या साऱ्या थाटामाटांत विकली जाणारी खरी वस्तु कोणती? तलाव, दिवे, नाटकें व पक्वान्नें हीं जमिनीवरहि मिळतात. आमच्या मतें ती वस्तु म्हणजे फुरसत होय. सकाळचा चहा आणि रात्रींचीं खरकटीं भांडीं यांच्यामध्यें आईचा दिवस संपतो. वडील कचेरीचें काम घरीं घेऊन येतात. मुलें शाळा, शिकवणी व मोबाईल यांत गुंतलेलीं असतात. जहाजावर या सर्वांच्या डोक्यावरचें ओझें चार दिवस उतरतें, आणि आईबाप व मुलें यांस एकमेकांच्या तोंडाकडे पहावयास वेळ मिळतो. हा लाभ लहान नव्हे. जे या सफरींस केवळ चैन म्हणून नाक मुरडतात, त्यांनीं आपल्या घरांत सर्वांनीं मिळून शेवटचें जेवण केव्हां घेतलें होतें याची आठवण करून पहावी.

तथापि ही फुरसत तेथेंहि सहज वायां जाते. सकाळीं मुलांस क्रीडादालनांत सोडावें, थोरल्या कन्येनें आपल्या वयाच्या मुलींत जावें, वडिलांनीं एका मजल्यावर व आईनें दुसऱ्या मजल्यावर दिवस घालवावा, आणि रात्रीं सर्वांनीं केवळ निजावयास एकत्र यावें, असें झालें तर कुटुंब जहाजावर गेलें खरें, पण बरोबर गेलें नाहीं. परदेशच्या मुलांत मिसळून खेळणें हें उत्तम शिक्षण आहे, त्यास आमचा विरोध नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दिवसांतून एक जेवण आणि सूर्यास्ताची घटका हीं तरी सर्वांनीं एकत्र घालवावीं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. ही फुरसत येते कोठून? ती आकाशांतून पडत नाहीं. ‘डिस्ने मॅजिक’वर सुमारें ९५० माणसें कामास असतात, ‘आयकॉन’वर सुमारें २,३५० असतात. खलाशी, यंत्रज्ञ, आचारी, वाढपी, धोबी, खोल्या आवरणारे अशीं हीं माणसें फिलिपाईन्स, इंडोनेशिया, भारत इत्यादि नाना देशांतून आलेलीं असतात. गोव्याच्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांत तर दर्यावर नोकरीस जाण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मुंबईस धोबीतलावाच्या आसपास ‘कूड’ नांवाचीं जीं सामाईक बिऱ्हाडें त्यांनीं गांववार स्थापिलीं, त्यांत जहाजाची वाट पाहत दिवस काढलेल्या माणसांची गणती करणें कठीण आहे. पुष्कळशा जहाजांवर नोकरीचा करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो. २००६ सालीं ठरलेला व २०१३ पासून अमलांत आलेला खलाशांच्या श्रमांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार भारतानेंहि २०१५ मध्यें मान्य केला. त्यांत चोवीस तासांतून निदान १० तास विश्रांति मिळालीच पाहिजे असा दंडक आहे. याचा अर्थ असा कीं, जो मनुष्य तुमच्या मुलास हंसत हंसत सरबत आणून देतो, त्याचा कामाचा दिवस कित्येकदां फार लांब असतो. आणि त्याचें स्वतःचें मूल या सहा महिन्यांत दांत पडून नवे आलेले असतात तरी त्यानें तें प्रत्यक्ष पाहिलेलें नसतें.

अर्थात् ज्यास आपण कुटुंबाचें जहाज म्हणतों, तें चालविणारीं माणसें आपापल्या कुटुंबांपासून तुटलेलीं असतात. एका घरचें मीलन दुसऱ्या घरच्या विरहावर उभें असतें. हें वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींचे वडील, काका अथवा थोरले बंधु आज कोणत्या तरी समुद्रावर असतील. त्यांस आमचें म्हणणें समजावून देण्याची गरज नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, त्यांस पगार मिळतो, बक्षिसीहि मिळते, मग आणखी काय द्यावयाचें राहिलें? पगार मिळतो हें खरें, आणि त्या पगारावर घरें बांधलीं जातात, बहिणींचीं लग्नें होतात, मुलांच्या शाळेची फी भरली जाते, हेंहि खरें. म्हणूनच अशा सफरींवर बहिष्कार घालावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तसें झाल्यास त्याच घरांतील चुली प्रथम विझतील. परंतु पगार हा श्रमाचा मोबदला होय. मुलाच्या आजारपणांत उशाशीं नसणें, नाताळच्या रात्रीं घरच्या प्रार्थनेंत जागा रिकामी असणें, यांचा हिशेब पगाराच्या वहींत मांडतां येत नाहीं. तेवढ्यापुरतें ऋण उतारूच्या माथीं राहतेंच, आणि तें आदरानें व कृतज्ञतेनेंच फेडावें लागतें.

संकट येतें तेव्हां तर हें ऋण उघड दिसतें. २०२० च्या फेब्रुवारींत जपानांतील योकोहामा बंदरांत ‘डायमंड प्रिन्सेस’ हें जहाज कोरोनाच्या साथीमुळें अडकून पडलें. त्यावर ३,७११ माणसें होतीं व त्यांपैकीं ७०० हून अधिक लोकांस रोगाची बाधा झाली. उतारूंस आपापल्या खोल्यांत राहण्याचा हुकूम झाला. परंतु त्यांच्या दारापर्यंत अन्न पोंचविण्यासाठीं नोकरवर्गास फिरावेंच लागलें. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतील १३२ जण नोकरवर्गांतील होते. उतारूंचें दार बंद झालें तें त्यांच्या रक्षणार्थ. जे दाराबाहेर राहिले ते कोणाच्या रक्षणार्थ राहिले, याचा विचार विद्यार्थ्यांनीं स्वतः करावा.

जहाज सुटण्याच्या सुमारास भोंग्याच्या सात आंखूड व एक लांब अशा इशाऱ्याची ओळख सर्व उतारूंस करून देतात आणि संकटसमयीं कोठें जमावयाचें तें समजावून सांगतात. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या जील्यो बेटानजीक ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ जण मृत्युमुखीं पडले. त्या दिवशीं चढलेल्या पुष्कळ उतारूंस ही तालीम मिळालेलीच नव्हती. तेव्हांपासून नियम कडक झाला, आणि आतां जहाज सुटण्यापूर्वीं अथवा सुटतांच ती तालीम झालीच पाहिजे. या तालमींत एक अर्थपूर्ण देखावा दिसतो. रात्रीं ज्यानें आपल्यापुढें ताट मांडावयाचें, तोच कित्येकदां येथें आज्ञा करतो आणि श्रीमंतांतला श्रीमंत उतारूहि निमूटपणें ती ऐकतो. चाकर म्हणून ज्याच्याकडे पाहिलें, तो आपल्या लेंकरांचा रक्षक आहे हें त्या घटकेस कळतें. मुलांनीं तें पुढेंहि विसरूं नये.

म्हणून पालकांस आमची सूचना अशी. सामर्थ्य असेल आणि कर्ज न काढतां जमत असेल, तर मुलांस अवश्य न्यावें. परंतु चार नियम घालून न्यावें. वाढप्याचें व खोली आवरणाऱ्याचें नांव मुलांनीं पहिल्याच दिवशीं विचारून घ्यावें आणि त्या नांवानें, आदरानें त्यांस हांक मारावी. अंथरूण-पांघरूण व ओले कपडे स्वतः नीट ठेवावे. ताटांत खाववेल तेवढेंच घ्यावें, कारण टाकलेलें अन्नहि कोणी तरी उचलावयाचें असतें. आणि भोंग्याच्या तालमीस खेळ टाकून हजर रहावें. इतकें झालें तर त्या सफरींतून मुलें केवळ छायाचित्रें घेऊन परतणार नाहींत.

आतां ज्यांस अशी सफर परवडत नाहीं, आणि आमच्या वाचकांत तेच अधिक आहेत, त्यांनीं खिन्न होण्याचें कारण नाहीं. जहाजावर जें विकत मिळतें, त्याचा मोठा भाग घरींहि सांपडतो. प्रत्येक घरांत एक व्यक्ति अशी असते कीं, जी पहांटे सर्वांच्या आधीं उठते, कोणाला काय आवडतें हें न विचारतां जाणते, सर्वांस वाढून मग स्वतः बसते, आणि तिच्या कामास कराराची मुदत नसते कीं दहा तासांच्या विश्रांतीचा कायदा नसतो. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टींत आठवड्यांतून एक दिवस तुम्हीं पाणी भरावें, भांडीं घांसावीं, वडिलांनीं भाजी चिरावी, आणि आईला ताटावर बसवून तुम्हीं वाढावें. आमच्या प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले. आपण आईचें ताट धुतल्यानें आपल्याला कमीपणा येईल असें नाहीं. नोहाच्या तारवांत आठांचीं कामें आठांनीं केलीं. आपल्या घरांतहि तोच नियम लागूं करतां येतो, आणि त्यास तिकीट पडत नाहीं.